ईयोबाच्या ४१व्या अध्यायातला लिव्याथान कसा वाचावा

ईयोबाच्या पुस्तकाचा अभ्यास घेताना चाळिसाव्या अध्यायापर्यंत वर्ग बहुधा सोबत असतो. एकेचाळिसावा, म्हणजे दुःखात सापडलेल्या ईयोबाला उत्तर देताना देव लिव्याथान नावाच्या अजस्र जलचराविषयी बोलतो तो अध्याय, उघडला की मात्र पहिला प्रश्न ठरलेला असतो, हा लिव्याथान म्हणजे मगर की देवमासा? प्रश्न गैर नाही, परंतु तो सर्वांत आधी हाती घेतला की तासभर त्याच्यावरच काथ्याकूट होते आणि ज्या ३४ वचनांमुळे तो पडला ती वचने कोणी धड वाचत नाही. मी हा अध्याय पहिल्यांदा घेतला तेव्हा नेमके हेच झाले होते, आणि दोष वर्गाचा नव्हता, मी लावलेल्या क्रमाचा होता. पुढे सुचवलेला क्रम त्या फजितीनंतर हळूहळू बसत गेला आहे. मंडळीत बायबल अभ्यास घेणाऱ्यांना, उपदेशाची तयारी करणाऱ्यांना आणि एकट्याने वाचणाऱ्यांनाही तो उपयोगी पडावा.

आधी पाच जागा काढाव्यात

लिव्याथान हे नाव जुन्या करारात फक्त पाच वचनांत येते: ईयोब ३:८, ईयोब ४१:१, स्तोत्र ७४:१४, स्तोत्र १०४:२६ आणि यशया २७:१. ही पाचही वचने एका कागदावर एकाखाली एक उतरवून घ्यावीत आणि प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहावी: येथे देव या प्राण्याचे काय करतो?

हा रकाना भरताना पुढचे निम्मे काम होऊन जाते. चौऱ्याहत्तरावे स्तोत्र मंदिराच्या जळक्या अवशेषांपुढे उभे राहून केलेला विलाप आहे. त्यात देवाने लिव्याथानाची मस्तके (अनेकवचन लक्षात घ्यावे) पूर्वीच ठेचली आहेत आणि त्याचे मांस रानातल्यांना खाऊ घातले आहे. यशयात देव त्याला ‘त्या दिवशी’ आपल्या कठोर, मोठ्या आणि बळकट तलवारीने मारणार आहे, म्हणजे गोष्ट अजून व्हायची आहे. एकशे चौथ्या स्तोत्रात लढाईचा मागमूसही नाही. जिथून जहाजे जातात त्याच समुद्रात लिव्याथान आता, या घडीला खेळतो आहे आणि त्याला देवानेच घडवले आहे. ईयोबाच्या तिसऱ्या अध्यायात देव काहीच करत नाही. तेथे ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देताना लिव्याथानाला जागे करण्यात जे तरबेज आहेत त्यांना हाक मारतो. आणि एकेचाळिसाव्यात देव फक्त विचारतो आणि वर्णन करतो. तो लिव्याथानाला मारत नाही, मारले आहे असे सांगत नाही, मारीन असेही म्हणत नाही.

माझा सगळा भर या रकान्यावर आहे. पुढे पाहू त्या प्रत्येक ख्रिस्ती अर्थाने या पाचांपैकी एक जागा मुख्य धरली आणि उरलेल्या चार तिच्या उजेडात वाचल्या. कोणी कोणती जागा धरली हे ओळखता आले की ते अर्थ एकमेकांशी भांडताना दिसत नाहीत, वेगवेगळ्या दारांतून आत आलेले दिसतात.

एक व्यवहाराची सूचना येथेच द्यायला हवी. हिब्रू बायबलमध्ये हे वर्णन ४०:२५ पासून सुरू होते, आणि जुन्या लॅटिन ग्रंथांतले क्रमांकही काही वचनांनी मागेपुढे असतात. त्यामुळे एखाद्या भाष्यात दिलेला संदर्भ आपल्या प्रतीत जुळला नाही तर छपाईची चूक समजू नये. आसपासची सातआठ वचने पाहावीत. शक्य असल्यास दोन मराठी भाषांतरे शेजारी ठेवावीत.

अध्याय मोठ्याने वाचावा

ईयोबाचे हे भाग मनातल्या मनात वाचण्यासाठी नाहीत. पहिली सात वचने एकाने वाचावीत आणि प्रत्येक प्रश्नानंतर थांबावे. तू त्याला गळाने ओढून काढशील काय? त्याच्या नाकात वेसण घालशील काय? तो तुझ्यापुढे गयावया करील, गोड गोड बोलेल? जन्मभर तुझा दास होण्याचा करार करील? पाखराशी खेळावे तसा त्याच्याशी खेळशील, आपल्या मुलींसाठी त्याला दोरीने बांधून ठेवशील? व्यापारी त्याचे वाटे घालून विकतील? एरवी गंभीर वाटणाऱ्या या भाषणात किती मिस्कीलपणा आहे हे वाचून दाखवल्याशिवाय कळत नाही. मुलींनी दोरी धरून अंगणात फिरवलेला लिव्याथान डोळ्यांपुढे आणला की वर्गात कोणीतरी हसतेच, आणि त्या हसण्याला अडवू नये. आठव्या वचनाचा सूर तर एखाद्या आजोबांचा आहे: एकदा हात लावून बघ, पुन्हा नाव काढणार नाहीस.

बाराव्या वचनापासून प्रश्न जवळजवळ थांबतात आणि वर्णन सुरू होते. ‘त्याच्या अवयवांविषयी मी गप्प राहणार नाही’ अशा आशयाने देव बोलू लागतो, आणि मग कारागिराने आपले काम पाहुण्याला दाखवावे तसा एकेक भाग दाखवत जातो. पाठीवरच्या खवल्यांच्या रांगा ढालींसारख्या आहेत आणि इतक्या घट्ट बसलेल्या की मधून वारा जात नाही. शिंकला की उजेड चमकतो. डोळे पहाटेच्या पापण्यांसारखे आहेत. नाकपुड्यांतून, उकळत्या हंडीतून आणि पेटलेल्या लव्हाळ्यांतून निघावा तसा धूर निघतो. काळीज जात्याच्या खालच्या तळीसारखे घट्ट आहे. लोखंड त्याला काडीसारखे, पितळ कुजक्या लाकडासारखे. गोफणीचे दगड त्याच्यापुढे भूस होतात. पोटाखाली धारदार खापरे आहेत, म्हणून चिखलातून गेला की मळणीचे दातेरी अवजार ओढल्यासारखे चरे पडतात, आणि पाण्यातून गेला की मागे इतका पांढरा फेस राहतो की समुद्राचे केस पिकले असे वाटावे. मुले असतील तर त्यांना या वर्णनावरून चित्र काढायला द्यावे. ज्वाला सगळेच काढतात. पोटाखालची खापरे ज्याने काढली त्याने नीट ऐकले असे समजावे.

दहाव्या आणि अकराव्या वचनांवर मात्र खूण करून ठेवावी. ‘त्याला चेतवण्याइतका धीट कोणी नाही, मग माझ्यापुढे कोण उभा राहील?’ या आशयाचे ते वळण आहे, आणि आकाशाखाली जे जे आहे ते माझे, हे वाक्य त्यातच येते. म्हणजे लिव्याथानही देवाचाच.

मगरीच्या प्रश्नाला ठरावीक वेळ द्यावा

आता तो प्रश्न घ्यावा. मगरीचा पक्ष सविस्तर मांडला तो फ्रेंच प्रोटेस्टंट विद्वान सॅम्युएल बोशार याने, बायबलमधल्या प्राण्यांवरच्या १६६३ सालच्या आपल्या ग्रंथात. त्याने बेहेमोथाला (चाळिसाव्या अध्यायातल्या प्रचंड प्राण्याला) पाणघोडा आणि लिव्याथानाला मगर ठरवले. हे मत पुढे इतके रुजले की अनेक आवृत्त्यांच्या तळटीपांत आजही ‘मगर’ हा शब्द सापडतो. खवले, दात, चिखलातला माग, हे सगळे मगरीला शोभते. कृष्णाकाठी सांगलीच्या परिसरात उन्हाला पडलेली मगर ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा पक्ष लगेच पटतो.

परंतु दोन अडचणी आहेत. सांगलीच्या मगरीच्या तोंडातून ठिणग्या निघत नाहीत. ही अतिशयोक्ती म्हणून सोडून देता येते. दुसरी अडचण अधिक अवघड आहे. लिव्याथान गळाला लागत नाही यावर तर सगळा अध्याय उभा आहे, आणि मगर गळाला लागत असे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इजिप्तमधली रीत लिहून ठेवली आहे: डुकराच्या पाठीचे मांस गळाला लावून नदीत सोडायचे, काठावर जिवंत डुकराला मारून ओरडायला लावायचे, आणि आवाजाच्या दिशेने आलेल्या मगरीने आमिष गिळले की ओढून काढायचे. काही भागांत पाळलेल्या मगरींच्या कानांत दागिने घालत असत, असेही तो सांगतो. कवीने मगरीचे रूप उसने घेतले असेल. पण ज्याच्याविषयी तो बोलतो आहे तो प्राणी मगरीपाशी संपत नाही.

तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसने ईयोबावर अक्षरार्थाने भाष्य लिहिले तेव्हा त्याला बेहेमोथ हत्ती आणि लिव्याथान प्रचंड जलचर वाटला होता. अलीकडे काही मंडळी डायनासोर किंवा त्या काळातले जलचर सुचवतात. माझ्या मते त्याने अध्यायातला एकही प्रश्न उलगडत नाही, म्हणून तो मुद्दा कोणी काढला तर ऐकून घ्यावा आणि पुढे जावे.

शेजारच्या देशातले नाव

१९२८ साली सीरियात लाताकिया शहराजवळ शेत नांगरताना एका शेतकऱ्याला जुने थडगे लागले. पुढच्या वर्षी क्लोद शेफर यांच्या नेतृत्वाखाली जवळच्या रास शामरा या टेकाडावर उत्खनन सुरू झाले आणि उगारित हे प्राचीन नगर उजेडात आले. तेथल्या मातीच्या पाट्यांवर बाल देवाची काव्ये आहेत. त्यांत ‘लोतान’ असे सामान्यतः वाचले जाणारे एक नाव आहे: पळता सर्प, वेटोळ्यांचा सर्प, सात मस्तकांचा बलाढ्य. यशया २७:१ मध्ये लिव्याथानाला जी दोन विशेषणे लावली आहेत ती याच शब्दांची हिब्रू भावंडे आहेत, आणि स्तोत्र ७४ मधल्या अनेकवचनी मस्तकांचा उलगडाही येथे होतो. लिव्याथान हे नाव ज्या धातूपासून आले त्याचा अर्थही वळणे, वेढणे असा आहे.

हे सांगितल्यावर वर्गातले काही जण अस्वस्थ होतात. बायबलमध्ये मूर्तिपूजकांची कथा कशी, असे त्यांना वाटते. त्यांना रकान्याकडे परत न्यावे. उगारितच्या कथेत बाल देव सर्पाशी लढतो, कारण सर्प त्याचा बरोबरीचा शत्रू आहे. ईयोबाच्या कवीने नाव तेच ठेवले, पण लढाईच काढून टाकली. शेजाऱ्यांचा महाशत्रू त्याच्या काव्यात देवाने घडवलेला एक प्राणी झाला. मराठी वाचकाला या टप्प्यावर कालियामर्दन आठवल्यावाचून राहत नाही, आणि आठवायला हरकतही नाही. फक्त फरक टिपून ठेवावा. कालियाच्या फणांवर कृष्ण नाचतो, त्याला नमवतो आणि डोहातून घालवून देतो. येथे कोणी कोणाला नमवलेले नाही, आणि लिव्याथान आपल्या पाण्यातच राहिला आहे.

गळ, आमिष आणि दोरी

ख्रिस्ती परंपरेतला सर्वांत जुना आणि सर्वांत वजनदार अर्थ म्हणजे लिव्याथान हा सैतान. या अर्थाने यशयाची जागा मुख्य धरली, कारण तेथे तो सर्प आहे आणि शेवटच्या दिवशी मारला जाणार आहे. प्रकटीकरणाचा बारावा अध्याय हीच रेषा पुढे नेतो. तेथला तांबडा अजगर सात मस्तकांचा आहे, आणि तोच ‘जुना सर्प’ म्हणजे दियाबल असे स्पष्ट म्हटले आहे. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ईयोब ४१:१ मध्ये लिव्याथानाऐवजी ‘द्राकोन’ हा शब्द आहे आणि प्रकटीकरणातही तोच आहे. त्यामुळे ग्रीक वाचणाऱ्या आद्य ख्रिस्ती लोकांना ही सांगड घालावी लागली नाही, ती त्यांच्या पानावर आयतीच होती.

पण मग गळाचे काय? हिब्रूमध्ये आणि ग्रीकमध्येही पहिल्या वाक्यात प्रश्नार्थक अव्यय नाही. ते दुसऱ्या वचनात येते. संदर्भावरून तो प्रश्नच आहे हे उघड असले, तरी एकटे काढून वाचले तर ‘तू अजगराला गळाने ओढून काढशील’ असे ते विधान होते. सुमारे ४०० साली प्रेषितांच्या विश्वासांगीकारावर लिहिताना रुफिनस या लॅटिन ख्रिस्ती लेखकाने ते अशाच अर्थाने ख्रिस्ताकडे वळवले. जे मनुष्याला अशक्य म्हणून विचारले होते ते ख्रिस्ताविषयीचे भाकीत झाले. त्याच्या आधी चौथ्या शतकातच निस्साचा बिशप ग्रेगरी याने देहाखाली लपलेल्या देवत्वाला आमिषाखालच्या गळाची उपमा दिली होती. मृत्यूने अधाशी माशासारखा देह गिळला आणि आतला गळ त्याच्या घशात रुतला.

या कल्पनेला पूर्ण रूप दिले ते दुसऱ्या एका, पुढे पोप झालेल्या थोर ग्रेगरीने. पोपचा प्रतिनिधी म्हणून कॉन्स्टँटिनोपलला असताना, सहाव्या शतकाच्या अखेरीस, त्याने सोबतच्या भिक्षूंसाठी ईयोबावर विवेचन सुरू केले. ते पुढे ३५ खंडांचे झाले. त्यात आमिष म्हणजे ख्रिस्ताचा मानवी देह, गळ म्हणजे त्याचे देवत्व, आणि गळाची दोरी म्हणजे शुभवर्तमानात दिलेली त्याची वंशावळ. वंशावळीचा पाठ कंटाळवाणा वाटणाऱ्यांना हे जरूर सांगावे: अब्राहामापासून एकेक नाव म्हणजे दोरीचा एकेक पीळ, आणि शेवटच्या टोकाला गळ. नावाची व्युत्पत्ती सांगताना मात्र ग्रेगरी फसला. लिव्याथान म्हणजे ‘त्यांची भर’, आणि माणसाला देवत्वाची भर घालून देतो असे सांगून त्याने आदामाला फसवले, असे तो लिहितो. भाषाशास्त्र चुकीचे असले तरी मोहाचे निदान अचूक आहे, म्हणून ते वगळू नये, चूक सांगून मगच सांगावे.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्सासमधल्या होहेनबुर्ग मठाची प्रमुख हेराड हिने आपल्या भगिनींच्या शिक्षणासाठी करवून घेतलेल्या सचित्र हस्तलिखितात या रूपकाचे चित्र होते. वर देव गळाची काठी धरून उभा, दोरीवर ख्रिस्ताच्या पूर्वजांचे चेहरे गोल चौकटींत ओवलेले, टोकाला क्रुसावरचा ख्रिस्त, आणि खाली जबडा उघडलेला लिव्याथान. मूळ हस्तलिखित १८७० मध्ये स्ट्रासबर्गच्या वेढ्यात ग्रंथालयासह जळाले. आधी करून ठेवलेल्या नकलांमुळे चित्र उरले. वर्गात एकच चित्र दाखवायचे असेल तर हे दाखवावे. मध्ययुगीन चित्रांत नरकाचे दार म्हणून जो प्रचंड जबडा दिसतो त्यालाही याच अध्यायातल्या ज्वाला ओकणाऱ्या तोंडाचा आधार आहे.

या अर्थावरचा आक्षेप मंडळीतूनच आला हेही सांगावे. देव सैतानाला फसवतो काय, आणि माणसावर सैतानाचा असा कोणता हक्क होता की त्याला काही द्यावे लागावे? नाझियान्झसच्या ग्रेगरीने (हा तिसरा ग्रेगरी) हा प्रश्न चौथ्या शतकातच विचारला, आणि अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने तारणाचा विचार सैतानाच्या हक्कापासून सोडवून वेगळ्या पायावर मांडला. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनने जिनिव्हात ईयोबावर १५९ प्रवचने दिली. त्याचा कल रूपकांपेक्षा साध्या अर्थाकडे होता. त्याने रकान्यातले एकशे चौथे स्तोत्र उचलले असे म्हणता येईल: प्राणी मोठा, त्याला घडवणारा त्याहून मोठा.

पुन्हा ईयोबाकडे

एवढे सगळे पाहिल्यावर पुस्तकाकडे परत आले नाही तर श्रम वाया जातात. ईयोबाने तिसऱ्या अध्यायात लिव्याथानाला जागे करणाऱ्यांना हाक मारली होती. सातव्या अध्यायाच्या बाराव्या वचनात तो देवाला विचारतो: मी समुद्र आहे की समुद्रातला अजस्र प्राणी, म्हणून तू माझ्यावर पहारा बसवतोस? ही दोन वचने वाचून लगेच एकेचाळिसावा अध्याय पुन्हा वाचावा. देवाचे उत्तर आता वेगळे ऐकू येते. जणू तो म्हणतो, ज्याला तू हाक मारलीस तो हा, ज्याच्याशी तू स्वतःची तुलना केलीस तो हा, बघ.

अलीकडच्या भाष्यकारांपैकी काही जण येथे दोन वाटांनी जातात. पहिल्या दोन अध्यायांत आलेला आरोप करणारा सैतान पुढे पुस्तकातून नाहीसा होतो. तो येथे लिव्याथानाच्या रूपाने परत येतो आणि ईयोबाला त्याच्या दुःखामागची शक्ती दाखवली जाते, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार येथे दुष्टाई नाहीच. माणसाच्या उपयोगाचा नसलेला, माणसाला जुमानत नसलेला एक जीव देवाला प्रिय आहे, एवढेच. मला दुसरे मत मजकुराच्या अधिक जवळचे वाटते, कारण वर्णनाचा सूर शत्रूचा नाही, कौतुकाचा आहे. पहिल्या मताच्या बाजूने शेवटचे वचन उभे राहते, जेथे तो सर्व गर्विष्ठांचा राजा आहे. वर्गाला यांतून एक निवडायला लावू नये. कोणत्या वचनाच्या जोरावर बोलता आहात, एवढेच विचारत राहावे.

अखेरच्या दहा मिनिटांसाठी एक क्रियापद राखून ठेवावे. ‘तू त्याच्याशी खेळशील काय?’ या ईयोब ४१:५ मधल्या प्रश्नात जे हिब्रू शब्द आहेत तेच स्तोत्र १०४:२६ मध्ये आहेत. स्तोत्रातले ते शब्द ‘समुद्रात खेळायला तू घडवलेला’ असे वाचता येतात, आणि ‘त्याच्याशी खेळायला तू घडवलेला’ असेही. ग्रीक भाषांतराने ‘त्याची थट्टा करायला’ असा अर्थ घेतला, आणि तोच धरून ऑगस्टीनने त्यात सैतानाची फजिती पाहिली. यहुदी रब्बींनी मात्र दुसरा अर्थ धरला: तल्मुद या त्यांच्या ग्रंथात म्हटले आहे की दिवसाच्या शेवटच्या प्रहरात देव बसून लिव्याथानाशी खेळतो. दोन्ही वचने फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत, तिन्ही अर्थ एकेकदा मोठ्याने वाचावेत आणि कोणता अर्थ कोणाला का पटला ते प्रत्येकाला एका वाक्यात सांगायला लावावे.